समुद्राखाली गेलेल्या जागी माणसं राहत होती, हे कसं ठरवतात?

तुमचे मुख्य प्रश्न दोन आहेत. खंबातच्या आखातात ९,५०० वर्षं जुनं शहर सापडल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिलात, तर त्यात कितपत तथ्य आहे? आणि आज जिथे पाणी आहे तिथे कधीकाळी किनारा होता, माणसं राहत होती, हे शास्त्रज्ञ मुळात कशावरून ठरवतात? पहिल्याचं उत्तर आधी थोडक्यात देतो: तिथे शहर होतं असं म्हणण्याजोगा पुरावा नाही. पण 'का नाही' हे पटायला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लागतं, म्हणून तिकडून येतो. सागरी भूविज्ञान हा माझा विषय. खाडीच्या गाळातले सूक्ष्म जीव ओळखण्या-मोजण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, तेव्हा थोडं सविस्तर लिहिलं तर सांभाळून घ्या.

शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा, म्हणजे साधारण २०,००० वर्षांपूर्वी, उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप यांच्यावर बर्फाचे प्रचंड थर साचले होते. ते पाणी समुद्रातूनच गेलेलं. त्यामुळे जगभरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईच्या माणसाला हा आकडा कळावा म्हणून सांगतो: मुंबई हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत आहे आणि तिथे पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आज जिथे तेलाचे फलाट उभे आहेत, तिथून त्या काळी माणूस पायी चालत गेला असता आणि समुद्र त्याच्याही पुढे लागला असता. नंतर बर्फ वितळत गेलं, पाणी चढत गेलं आणि सुमारे ७,००० वर्षांपूर्वी चढण्याचा वेग बराच मंदावला. त्याआधी किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसांच्या खुणा शोधायच्या, तर त्यांतल्या बहुतेक आज पाण्याखाली किंवा गाळाखाली असणार.

इथपर्यंत बहुतेक व्हिडिओ बरोबर असतात. पुढे मात्र समुद्राच्या खोलीचा नकाशा घेतात, त्यातून अमुक मीटर वजा करतात आणि 'हा पाहा जुना किनारा' म्हणून रेघ ओढतात. ती रेघ तशी ओढता येत नाही. एक तर आजचा समुद्रतळ म्हणजे तेव्हाची जमीन नव्हे. नद्यांनी त्यावर कुठे वीस-वीस मीटर गाळ टाकलेला असतो, तर कुठे प्रवाहांनी तो खरवडून नेलेला असतो. दुसरं म्हणजे जमीनही जागेवर राहत नाही. स्वीडन आणि फिनलंड यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताचा किनारा, बर्फाचं ओझं उतरून हजारो वर्षं झाली तरी, अजून वर्षाला ९ मिलिमीटरच्या आसपास वर येतो आहे. तिथे जुनी कोळ्यांची वस्ती शोधायची तर पाण्यात नव्हे, आत जंगलात शोधावी लागते.

आपल्याकडचं उदाहरण उलट दिशेचं आहे. १८७० च्या दशकात मुंबईत प्रिन्सेस डॉक खणताना भरतीच्या रेषेच्या बऱ्याच खाली, चिखलात गाडलेलं जंगलच लागलं. शेकडो झाडं, बरीचशी उभी, मुळं जमिनीत रुतलेली, आणि झाडं खैराची. खैर हा कोरड्या जमिनीवरचा वृक्ष, खाऱ्या पाण्यात तो जगत नाही. म्हणजे ती जागा एकेकाळी पक्की जमीन होती, याबद्दल वादच नाही. पण समुद्र वर आला की मुंबईची जमीन खाली गेली? हा प्रश्न भूवैज्ञानिकांना पुढे पुष्कळ काळ पुरला, आणि एकट्या झाडांवरून तो सुटत नाही. म्हणून प्रत्येक किनाऱ्याचा इतिहास त्या त्या किनाऱ्याच्या गाळातूनच वाचावा लागतो. दुसरीकडचा समुद्रपातळीचा आलेख आणून इथे बसवता येत नाही.

गाळ वाचतात कसा, तर जमिनीत उभी नळी खुपसून गाळाचा अखंड दांडा बाहेर काढतात. त्याला आम्ही 'कोअर' म्हणतो. नळी उभी चिरली की थर दिसतात. खाडीकाठच्या चांगल्या कोअरमध्ये तळाशी तांबूस किंवा पिवळट, घट्ट, जमिनीवरची माती येते. तिच्यावर मुळांचे धागे असलेला काळा थर असतो, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा खारफुटीचा चिखल. त्याच्यावर करडा, मऊ, लोण्यासारखा गाळ आणि त्यात कालवांची शिंपलं. सगळ्यात वर वाळू. खालून वर वाचत गेलं की समुद्र पावलापावलाने जवळ आलेला दिसतो: जमीन, मग भरतीच्या टोकाचं खाजण, मग खाडीचा तळ, मग उघडा समुद्र.

पण डोळ्यांना दिसतं तेवढ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्या दांड्याचा दर एक-दोन सेंटिमीटरचा काप वेगळा काढायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीत पाण्याखाली धुवायचा, चिखल वाहून गेला की उरलेली चिमूटभर रेव वाळवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ताटलीत पसरायची. मग बारीकातला बारीक ब्रश पाण्याने ओला करून एकेक कण उचलायचा. या कणांमध्ये फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची कवचं असतात. बहुतेकांचा आकार एक मिलिमीटरच्याही आत. काही गोगलगाईसारखी वळलेली, पांढरी, चिनी मातीसारखी चकचकीत. काहींनी चुन्याऐवजी वाळूचे कण चिकटवून तपकिरी, खरखरीत घर केलेलं. या जीवांचा उपयोग असा की प्रत्येक जात आपापल्या जागेला घट्ट धरून असते. ट्रोकॅमिनासारख्या, वाळूचं घर करणाऱ्या काही जाती भरतीचं पाणी जेमतेम पोचतं तिथल्या चिखलात राहतात. अमोनिया ही निमखाऱ्या खाडीत सुखाने वाढते. आणि तरंगत जगणाऱ्या जाती मोठ्या संख्येने दिसू लागल्या की आपण उघड्या समुद्राच्या गाळात आलो. नुसतं 'इथे समुद्र होता' एवढंच यातून कळत नाही. अमुक वेळी हा चिखल भरतीच्या रेषेपासून साधारण किती उंचीवर होता, इतकं त्यातून काढता येतं.

जोडीला परागकण असतात. त्यांचं बाहेरचं कवच इतकं चिवट की हजारो वर्षं चिखलात टिकतं. पण इथे जपून राहावं लागतं. खारफुटीतलीच दोन झाडं घ्या. कांदळाचे पराग वाऱ्याने उडतात, म्हणून गाळात ते भरमसाट दिसतात. तिवराचे कीटकांमार्फत जातात, म्हणून तिवराचं रान समोर असूनही गाळात पराग थोडेच मिळतात. नुसत्या संख्येवरून रान मोजलं तर फसायला होतं. वय काढायला कार्बन-१४, म्हणजे जीव मेल्यावर ठराविक वेगाने घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन, आहे, पण शिंपल्याचं वय थेट धरायचं नसतं. समुद्राच्या पाण्यातला कार्बन मुळातच जुना असतो, त्यामुळे शिंपलं खऱ्या वयापेक्षा साधारण ४०० वर्षं जुनं दिसतं आणि तेवढी दुरुस्ती करावी लागते. शक्य असेल तर झाडाचं पान किंवा बी शोधून त्याचं वय काढणं कधीही बरं.

वय, उंची आणि भरतीशी नातं, या तीन गोष्टी एकत्र कळल्या की समुद्रपातळीचा एक पक्का बिंदू मिळतो. असे पुष्कळ बिंदू जोडून जुना किनारा उभा राहतो. माणसं कुठे शोधायची हे त्यानंतर ठरतं, कारण माणूस किनाऱ्यावर वाटेल तिथे राहत नाही. त्याला गोडं पाणी, भरतीपासून सुरक्षित उंचवटा, मासे-कालवं मिळतील अशी उथळ खाडी आणि जवळपास लाकूडफाटा लागतो. हे सगळं कुठे एकत्र येत होतं, ते दाखवणारा नकाशा आधी हवा.

या सगळ्याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण इस्रायलच्या किनाऱ्यावर, हैफाच्या दक्षिणेला आहे: अटलिट याम. १९८४ मध्ये एहुद गलिली यांच्या नजरेला ही वस्ती पडली. आज ती ८ ते १२ मीटर पाण्याखाली आहे आणि सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची आहे. चौकोनी घरांचे पाये, चुली, दफनं, गहू-जव-मसुराचे दाणे, गुरं, शेळ्या, डुकरं यांची हाडं, आणि त्याच्याच जोडीला माशांची हजारो हाडं. शेती आणि मासेमारी दोन्ही करणारं हे गाव. काही पुरुषांच्या कवट्यांत कानाच्या नळीतलं हाड वाढलेलं सापडलं. थंड पाण्यात वारंवार बुड्या मारणाऱ्यांमध्ये ही वाढ आढळते. म्हणजे ही माणसं समुद्राच्या काठावर नुसती राहत नव्हती, पाण्यात उतरून पोट भरत होती.

तिथल्या सात उभ्या दगडांच्या अर्धवर्तुळाचे फोटो सगळीकडे फिरतात. मला मात्र तिथली विहीर जास्त मोलाची वाटते. दीडेक मीटर व्यासाची, साडेपाच मीटर खोल, दगडांनी बांधून काढलेली. तिचं तोंड आजच्या समुद्रपातळीच्या साधारण १० मीटर खाली, तर तळ साडेपंधरा मीटर खाली. आता विचार करा. किनाऱ्याजवळ जमिनीतलं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं आणि त्याची पातळी समुद्राच्या पातळीच्या किंचितच वर असते. विहीर खणणारा माणूस पाणी लागलं की थोडं आणखी खणून थांबतो. म्हणजे ती विहीर खणली तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा साधारण १६ मीटर खाली असला पाहिजे. कोणत्याही आलेखाची मदत न घेता, ९,००० वर्षांपूर्वीच्या एका गावकऱ्याच्या कामावरून समुद्राची पातळी निघाली.

पुढची गोष्ट त्याच विहिरीच्या भरावात आहे. वरच्या भागात जनावरांची हाडं, गारगोटीची अवजारं, दगड असा कचरा भरलेला आहे. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत कोणी कचरा टाकत नाही. अर्थ असा लावतात की समुद्र चढत गेला, खारं पाणी जमिनीखालून आत सरकलं, विहीर मचूळ झाली आणि गावाने ती सोडून दिली. आपल्या कोकणात खाडीकाठी ज्यांची घरं आहेत, त्यांना वेगळं समजावायची गरज नाही. उन्हाळ्यात उपसा जास्त झाला की विहिरीचं पाणी मचूळ होतं, हे त्यांच्या रोजच्या जगण्यातलं आहे. गाव बुडायच्या कितीतरी आधी विहीर बुडते. लाटा उंबऱ्याला लागण्याची वाट पाहावी लागत नाही, पिण्याचं पाणी गेलं की गाव उठतं.

त्याच किनाऱ्यावर तेल हरेझ इथे सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या गावाने समुद्राच्या बाजूला मोठ्या धोंड्यांची शंभर मीटरपेक्षा लांब भिंत बांधली होती. ती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. धोंडे तिथले नाहीत, लांबून आणलेले. भिंत टिकली, पण गाव समुद्राखाली गेलंच. ज्या माणसांनी ती बांधली, त्यांना पाणी वर येतंय हे त्यांच्या हयातीत कळलं होतं. या विषयात मला सगळ्यात जास्त हलवून गेलेली गोष्ट हीच.

उत्तर समुद्राचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेलच: ब्रिटन आणि डेन्मार्क-हॉलंड यांच्यामधली, आता बुडालेली डॉगरलँडची भूमी. १९३१ मध्ये कोलिंडा नावाच्या मासेमारी बोटीच्या जाळ्यात पीटचा, म्हणजे दलदलीत साचलेल्या वनस्पतींचा, गोळा आला आणि तो फोडल्यावर आत हरणाच्या शिंगाचं काटेरी भाल्याचं टोक मिळालं. पुढे त्या भागातल्या पीटमधले पराग तपासून तिथे जंगल होतं हे दाखवलं गेलं. गंमत अशी की कित्येक वर्षांनी टोकाचं स्वतःचं वय काढलं, तेव्हा ते त्या जंगलाहून हजारो वर्षांनी जुनं निघालं. वस्तूचं वय आणि तिच्या भोवतालच्या मातीचं वय एकच असेल असं गृहीत धरता येत नाही, हे लक्षात ठेवा, खंबातला उपयोगी पडेल. २००० नंतर बर्मिंगहॅम विद्यापीठात व्हिन्स गॅफनी आणि सहकाऱ्यांनी तेल कंपन्यांनी स्वतःच्या कामासाठी घेतलेली, मुद्दाम सोडलेल्या आणि समुद्रतळाखालच्या थरांवरून परतलेल्या कंपनलहरींची नोंद वापरली आणि समुद्रतळाखाली गाडलेल्या नद्या, तळी, दलदली यांचा नकाशा काढला. तेल शोधणाऱ्यांना नको असलेला, वरवरच्या काही मीटरांचा भाग यांच्या कामाचा होता.

आणि इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या वाइट (Wight) बेटाजवळच्या बोल्डनर क्लिफची हकीकत तर सांगायलाच हवी. ११ मीटर पाण्याखाली, १९९९ मध्ये, पाणबुड्यांना एक शेवंड आपलं बीळ साफ करताना दिसला. बिळातून तो बाहेर टाकत होता ते दगड माणसाने घडवलेले होते. तिथून सुमारे ८,००० वर्षांपूर्वीची वस्ती उघडकीला आली. पण शेवंडाने दगड दाखवल्यावरही संशोधकांनी तो थर जागच्या जागी खणला, मुळं, लाकूड, माती सगळं क्रमाने नोंदवलं, म्हणून ती वस्ती ठरली.

आता खंबात. २००१ च्या सुमारास राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने सोनारने, म्हणजे पाण्यात सोडलेल्या ध्वनिलहरींनी, काढलेल्या चित्रांत आखाताच्या तळाशी सरळ रेषा आणि चौकोनी आकार दिसले. तळ खरवडून वर काढलेल्या वस्तूंत एक लाकडाचा तुकडा होता, त्याचं वय सुमारे ९,५०० वर्षं निघालं. त्यावरून 'हडप्पापेक्षा पाच हजार वर्षं जुनं शहर' हा दावा उभा राहिला. लाकडाचं वय खरं असेल, त्यावर माझा आक्षेप नाही. त्या काळी समुद्र बराच खाली होता, तेव्हा आखाताचा काही भाग कोरडी जमीन असणंही अगदी शक्य आहे. पण लाकूड जुनं आहे म्हणजे शहर जुनं आहे असं होत नाही. नर्मदा, तापी, मही, साबरमती या चारही नद्या त्याच आखाताला मिळतात आणि त्यांनी आणलेलं लाकूड गाळात गाडलं जाऊ शकतं. शिवाय खंबातची भरती-ओहोटी जगातल्या मोठ्या भरती-ओहोट्यांपैकी आहे. भावनगरला पाणी दहा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. अशा प्रवाहात तळावर लांब, समांतर उंचवटे आपोआप तयार होतात, आणि वेगवेगळ्या काळातल्या वस्तू एकाच जागी येऊन पडतात. जाळ्यासारखं साधन ओढून वर काढलेली वस्तू कोणत्या थरातली, हे सांगताच येत नाही. तिच्या आजूबाजूला जमीन होती का, गोडं पाणी होतं का, चूल होती का, यातलं काहीही त्यात उरत नाही. अटलिट यामला विहीर, चूल, दाणे, हाडं सगळी एकाच जागी, आपापल्या थरात आहेत. खंबातला थर माहीत नसलेल्या वस्तू आहेत आणि सोनारची चित्रं आहेत.

याच आखाताजवळ हे काम नीट कसं होतं, त्याचंही उदाहरण आहे. लोथलला एस. आर. राव यांनी उत्खनन केलं तेव्हा सुमारे २१५ मीटर लांब, पक्क्या विटांचं मोठं कुंड सापडलं. ती गोदी की गोड्या पाण्याचा तलाव, यावर वाद सुरू झाला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम यांनी १९८८ मध्ये त्या कुंडाच्या गाळातले फोरॅमिनिफेरा तपासून समुद्राचं पाणी तिथे येत होतं असं दाखवलं. तलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे त्याने एका फटक्यात संपले नाहीत, पण चर्चा विटांच्या आकारावरून निघून पाण्याच्या खारेपणावर आली. माझ्या दृष्टीने हे मोठं काम.

तुमच्या प्रश्नात 'मग महाराष्ट्राच्या किनाऱ्यापुढे असं काही असेल का' असंही शेवटी आहे. साष्टीच्या बेटावर कांदिवलीजवळ के. आर. यू. टॉड यांना १९३० च्या दशकातच अश्मयुगीन अवजारं मिळाली होती. म्हणजे माणूस इथे होता. त्याच्यातल्या काही काळात समुद्र पश्चिमेला कित्येक किलोमीटर दूर होता, तेव्हा ही माणसं आजच्या मुंबईपुरतीच फिरत असतील असं मानायला काही कारण नाही. तेलासाठी, केबलसाठी, बंदरांसाठी या समुद्रतळाखालच्या लहरींची नोंद कित्येकदा घेतली गेली आहे. उत्तर समुद्रात जे केलं ते इथे करायचं, तर तीच नोंद वरच्या काही मीटरांसाठी पुन्हा वाचायला हवी. मला कोणी विचारलं तर मी बुडालेलं शहर शोधायला निघणार नाही. वैतरणेच्या मुखापुढे, जिथे आज पंधरा-वीस मीटर पाणी असेल, तिथे नदीचं गाडलेलं जुनं पात्र शोधीन, आणि त्याच्या काठावर पहिली नळी खुपसून आधी मुळांचे धागे असलेला काळा थर लागतो का ते पाहीन.